शिक्का किती अंशांत मारावा

माणसाने पन्नाशी ओलांडली की त्याला दोनपैकी एक गोष्ट होतेच: गुडघे दुखू लागतात, नाहीतर विश्वाविषयी प्रश्न पडू लागतात. पहिल्या तक्रारीसाठी सेन्दाई शहरात भरपूर दवाखाने आहेत. दुसरीसाठी आमचं कार्यालय आहे. भौतिकशास्त्र विभाग, तळमजला, जिन्याखालून डावीकडे. मी नुमाता. या कार्यालयात सव्वीस वर्षं दुसऱ्या टेबलावर बसतो. (पहिल्या टेबलावरचे साहेब दर तीन वर्षांनी बदलतात, म्हणून त्यांची नावं मी पेन्सिलीने लिहून ठेवतो.)

नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी होऊ पाहणाऱ्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. गेल्या दहा वर्षांत चौदा आले. आठ जणांना काळ म्हणजे नेमकं काय ते हवं होतं. तिघांच्या बायकांनी अर्ज परस्पर भरला होता. दोघांना सूर्यमालेत काहीतरी चुकतंय असा दाट संशय होता, आणि त्यांनी सोबत दुरुस्तीची आकृती जोडली होती. उरलेले एक म्हणजे शिओदा.

शिओदांचं वय सत्तावन्न. एका मोठ्या बँकेत एकतीस वर्षं काढून, जोखीम विभागाचे प्रमुख होऊन, मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. 'संशोधनाचा हेतू' या रकान्यात लोक चार-चार पानं जोडतात. शिओदांनी एकच ओळ लिहिली: 'एकोणिसाव्या वर्षी अर्धवट सोडलं, ते पुरं करायचं आहे.' मी विचारलं, तेव्हा कळलं की दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकल्यावर वडील म्हणाले, याने चूल पेटत नाही. मुलाने ऐकलं आणि अर्थशास्त्राला गेला. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी रुमाल दिला नाही, तशी तरतूद नाही; पण त्यांचा अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

सोबत त्यांची पत्नी मित्सुएबाई होत्या. माहेर तेंदोचं, नाशपातीच्या बागांचा मुलूख. तिथे म्हाताऱ्या आईकडून बाग आता होत नव्हती. मित्सुएबाईंनी नवऱ्याला तीन वर्षं दिली होती. त्यांनी माझ्या टेबलावर बोट ठेवून विचारलं, "प्रबंध तीन वर्षांत झाला नाही तर मुदतवाढ मिळते का?"

"मिळते," मी म्हणालो. "फॉर्म अकरा, दोन प्रतींत."

"तो फॉर्म यांना दाखवू नका," त्या म्हणाल्या. मी तो खालच्या खणात टाकला.

तर शिओदांना तीन वर्षांत डॉक्टरेट मिळवायची होती, नाहीतर बाग. एवढाच मामला होता.

त्यांना घेतलं प्राध्यापक इनागाकींच्या प्रयोगशाळेत. इनागाकी एकोणपन्नास वर्षांचे, स्वभावाने सरळ. (हे वाक्य त्यांनी वाचून मंजूर केलेलं आहे.) प्रयोगशाळेत लहानमोठेपणा वयावर नसतो, कोण आधी आलं यावर असतो. आधी आली होती तोकुनो नावाची चोवीस वर्षांची मुलगी. म्हणजे ती थोरली, आणि शिओदा धाकटे. धाकट्याने चहा करायचा, कचरा काढायचा आणि शरद ऋतूतल्या नदीकाठच्या जेवणाची व्यवस्था बघायची. शिओदांनी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे कमरेत वाकून "ताई, काही चुकलं तर कान धरा" असं म्हटलं. ती बिचारी इतकी घाबरली की स्वतःच वाकली. मग कोणी आधी सरळ व्हायचं हा प्रश्न उभा राहिला आणि दोघं बराच वेळ तशीच राहिली. शेवटी ती त्यांना काका म्हणू लागली आणि ते तिला ताई. नात्याने कोण कुणाचं काय लागतं हे कार्यालयाने नोंदवलेलं नाही.

आता प्रयोगाविषयी, थोडक्यात. केसाहून बारीक तारेला एक दांडी टांगलेली असते. शेजारी शिशाचा गोळा आणला की ती किंचित वळते. किती वळते ते मोजायचं. झालं. हा आकडा गुरुवर्य ओनोदेरांनी १९७४ साली पहिल्यांदा मोजला: सात पूर्णांक दोन. (एकक विचारू नका. मी सव्वीस वर्षांत विचारलेलं नाही.) या आकड्यावर प्रयोगशाळेचं सगळं उभं आहे. दारावरच्या लाकडी पाटीवर 'सात-दोन' कोरलंय. सॉफ्टबॉलच्या संघाचं नाव 'सात-दोन', सदऱ्यांवर तेच. गुरुवर्य आज शहाऐंशी वर्षांचे आहेत, आणि दर नववर्षाला इनागाकी त्यांच्या घरी जाऊन गुडघे टेकून शुभेच्छा देतात.

शिओदा आले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना एक उणीव दिसली. प्रयोगशाळेत जो तो मोजत होता आणि वहीत लिहून मोकळा होत होता. कुणाची मंजुरी नाही, कुणाच्या नावाचा शिक्का नाही. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे पाहून रात्री झोप येईना. त्यांनी एक सुबक तक्ता आणला, 'निरीक्षण मंजुरी पत्रक', खाली ओळीने चौकटी. डावीकडे सर्वात मोठे, मग उतरत्या क्रमाने उजवीकडे. बैठकीत मांडण्याआधी ते प्रत्येकाला एकेकटं गाठून भेटले, म्हणजे बैठकीत नवीन काही घडायची भीती उरली नाही. इनागाकींना कल्पना आवडली. कार्यालयालाही एक चौकट असावी असा आग्रह मी धरला नाही. फक्त तीनदा आठवण करून दिली.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा होता. पूर्वी प्रयोगशाळेत महिन्याला सरासरी सतरा चुका होत. पत्रक आल्यावर पहिल्या महिन्यात एकही झाली नाही. (पहिल्या महिन्यात मोजमापही झालं नाही, सगळे शिक्के शोधत होते.)

एके दिवशी तोकुनोने विचारलं, "काका, तुमचा हात थरथरतो का? तुमचा प्रत्येक शिक्का वाकडा पडतोय."

शिओदांना धक्काच बसला. वाकडा? त्यांनी समजावून सांगितलं. बँकेत हाताखालच्या माणसाने आपला शिक्का सरळ मारायचा नसतो. किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे कागदावरसुद्धा आपलं नाव साहेबांच्या नावाला वाकून नमस्कार करतं. नवीन कारकून पंचवीस अंश, विभागप्रमुख दहा. सरळ शिक्का मारायचा तो फक्त सर्वात डावीकडच्याने, कारण त्याच्या डावीकडे कागद संपलेला असतो.

मला ही पद्धत फार भावली. सव्वीस वर्षं मी सरळ शिक्के मारत आलो होतो, कोणत्या तोंडाने कोण जाणे. मी त्याच दिवशी सुरुवात केली. तोकुनोने आधी तोंड फिरवून हसून घेतलं, पण पुढच्या सोमवारी इनागाकींनी सहज म्हटलं की शिओदांचे कागद कसे नीटस दिसतात. मंगळवारी तिचाही शिक्का कलला. सहा महिन्यांत त्या प्रयोगशाळेत टांगलेली दांडी सोडली तर सगळं डावीकडे झुकलेलं होतं.

शिओदा मोजायला हुशार होते. तासन् तास दांडीवर रोखलेल्या दुर्बिणीला डोळा लावून बसत, ट्रक गेला की वेळ टिपत, पाऊस पडला की टिपत. दीड वर्षात त्यांचा आकडा तयार झाला: सहा पूर्णांक आठ. इनागाकींचा स्वतःचा, २०११ सालचा, होता सहा पूर्णांक नऊ. इनागाकी खूश झाले. मित्सुएबाईंनी तेंदोला फोन करून आईला तीन वर्षं पुरी होताच मार्चमध्ये येतो म्हणून कळवलं. मीही निश्चिंत झालो. आता फक्त लिहायचं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात शिओदा प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसले. पहिल्या प्रकरणात आधीच्यांनी काय केलं ते लिहायचं असतं. त्यांनी जुने प्रबंध काढून आकडे एकाखाली एक मांडले. १९७४, गुरुवर्य ओनोदेरा: सात पूर्णांक दोन. १९८३: सात-एक. १९९१: सात. २००२: पुन्हा सात. २०११, इनागाकी: सहा-नऊ. प्रत्येक प्रबंधात एक वाक्य हमखास होतं: 'हा आकडा पूर्वीच्या आकड्याशी सुसंगत आहे.' सर्वात खाली त्यांनी स्वतःचा लिहिला. सहा-आठ, सुसंगत.

आणि मग, तोकुनो सांगते, काका बराच वेळ त्या रांगेकडे बघत बसले. चहा निवला.

"ताई," ते म्हणाले, "ही रांग मी ओळखतो. आमच्या बँकेत साहेबांचा अंदाज चुकलेला असला की कुणी तसं म्हणत नसे. दर वर्षी जो तो आकडा थोडासा खाली उतरवायचा. साहेब निवृत्त होईपर्यंत आकडा बरोबर व्हायचा आणि कुणीच चुकलेलं नसायचं. ही तीच रांग आहे. आणि शेवटी मी उभा आहे."

तोकुनो म्हणाली, पण काका, तुम्ही तर मोजलंत. शिओदांनी कच्च्या वह्या काढल्या. चाळीस वेळा मोजलेलं होतं. बहुतेक वेळा आकडा आला होता सहा-तीनच्या आसपास. पण सहा-तीन आला की ते चूक शोधायला लागत. ट्रक सापडे, पाऊस सापडे, एकदा तर वरच्या मजल्यावरची खुर्ची सापडली. सहा-आठ आला की ते चहा करत. कुणी त्यांना असं करायला सांगितलेलं नव्हतं. कुणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना खरोखरच वाटलं होतं की आपण काटेकोर आहोत. त्या दुपारी ते लहान मुलासारखे रडले, तोकुनोच्या म्हणण्याप्रमाणे, "आणि मला ताई म्हणत रडले, त्यामुळे मला काय करावं तेच सुचेना."

इथे सामान्य माणूस काय करील? सहा-आठ राहू देईल. मीही तेच सुचवलं. प्रबंध जानेवारीत द्यायचा होता. परीक्षक पाच, पैकी चार गुरुवर्यांचे शिष्य किंवा शिष्यांचे शिष्य. पाचवे सॉफ्टबॉलचे कप्तान. सहा-आठ लिहिलं की मार्चमध्ये डॉक्टर होऊन नाशपातीच्या बागेत. सहा-तीन लिहिलं तर फॉर्म अकरा, आणि तो खालच्या खणात, बाईंना मी शब्द दिलेला. शिओदांनी ऐकून घेतलं, छान वाकून आभार मानले आणि परत जाऊन पुन्हा मोजायला बसले. या खेपेला तोकुनोने आकडे झाकून ठेवले, म्हणजे चहा कधी करायचा ते त्यांना कळू नये. तीन आठवडे. सहा पूर्णांक तीन.

ते पत्रक घेऊन शिओदा माझ्या टेबलापुढे आले, तेव्हा मला आधी आकडा दिसलाच नाही. मला शिक्का दिसला. तो सरळ होता.

"शिक्का सरळ पडलाय," मी म्हणालो.

"हो."

"चुकून?"

"नाही. वर्तमानपत्रावर अकरा वेळा सराव केला. हात ऐकेना, म्हणून गुण्या लावून मारला."

मी चष्मा पुसला. माणूस पुरता कामातून गेला, असं मला वाटलं. मी पत्रक 'प्रलंबित' ट्रेमध्ये ठेवलं आणि चार दिवस त्याच्याकडे न बघता काम केलं. पाचव्या दिवशी माझा शिक्का मारला. (कलता. मला बायकामुलं आहेत.) मग ते तोकुनोकडे गेलं. तिला पुढच्या वर्षी इनागाकींच्याच हाताखाली नोकरी हवी होती, आणि तसं तिने त्यांना सांगूनही ठेवलं होतं. तिने काकांकडून गुण्या मागून घेतला. मग पत्रक इनागाकींच्या टेबलावर गेलं आणि तिथे एकोणीस दिवस पडून राहिलं. या काळात प्राध्यापक इनागाकी कुणाशी आकड्यांविषयी बोलले नाहीत. किती वाजले हेसुद्धा सांगेनात.

त्यातच ऑक्टोबरातलं नदीकाठचं जेवण आलं. हिरोसे नदीच्या वाळवंटात दगडांची चूल मांडायची, मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचा रस्सा शिजवायचा. व्यवस्था धाकट्याकडे, म्हणजे शिओदांकडे. आमच्या सेन्दाईत रस्सा डुकराचं मटण आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालून करतात. डोंगरापलीकडच्या मित्सुएबाई म्हणाल्या, हा रस्सा नव्हे, ही आजाऱ्याची पेज. गोमांस आणि सोया सॉस हवा. दोन पातेली लावली. कोणतं चांगलं यावर तोंडाला तोंड लागलं आणि महिन्यात पहिल्यांदाच प्रयोगशाळेतली माणसं मोकळेपणी भांडली. गुरुवर्य ओनोदेरांना खुर्ची देऊन, पायांवर पांघरूण घालून चुलीशी बसवलं होतं. शिओदा त्यांना वाढायला गेले. इनागाकी मागेच उभे होते, हातात वाडगा, चेहरा फाशीच्या कैद्याचा.

गुरुवर्यांनी विचारलं, तुमचा आकडा किती येतो.

शिओदांनी इनागाकींकडे बघितलं. इनागाकींनी वाडग्यात बघितलं. मग शिओदा ताठ उभे राहून म्हणाले, "सहा पूर्णांक तीन."

गुरुवर्यांनी अळकुडी नीट चावून गिळली. मित्सुएबाईंनी पळी खाली ठेवली.

"मला सहा-चार येत होता," गुरुवर्य म्हणाले. "पण आमच्या गुरूंना सात-दोन आवडायचा. त्यांनी गणिताने काढलेला होता. मला वाटलं, पोरं पुढे मोजतीलच की, दुरुस्त करतील." ते इनागाकींकडे वळले. "फार वेळ लावलात रे."

मग त्यांनी दुसऱ्या पातेल्यातला रस्सा मागितला आणि हाच चांगला म्हणाले. सेन्दाईकरांच्या दृष्टीने त्या दिवसातली हीच बातमी धक्कादायक ठरली.

सोमवारी सकाळी पत्रक माझ्याकडे परत आलं. सर्वात डावीकडच्या चौकटीत इनागाकींचा शिक्का होता. तो सरळ नव्हता. डावीकडे कलण्याचा प्रश्न नव्हता, तिकडे कागद संपला होता. तो उजवीकडे कललेला होता, मधल्या सगळ्या चौकटी ओलांडून शिओदांच्या नावाच्या दिशेने, पुरते दहा अंश. मी मोजला. माझ्या सव्वीस वर्षांत असं झालेलं नाही आणि नियमावलीत याला रकाना नाही. मी ते पत्रक कोणत्या फायलीत लावावं ते न कळल्यामुळे घरी नेलं. चौकट करून भिंतीवर लावलंय. बायको विचारते, हे काय आहे. मी सांगतो, कार्यालयीन.

प्रबंध मंजूर झाला, पाचपैकी पाच. कप्तानांनी एक हरकत घेतली: सदऱ्यांचं काय? सदरे नुकतेच नवे छापले होते. तीन बैठका होऊन असं ठरलं की संघाचं नाव 'सात-दोन'च राहील, फक्त पाठीवर बारीक अक्षरांत 'ऐतिहासिक' असं छापावं. तोकुनोला नोकरी मिळाली. इनागाकींनी तिला बोलावून एवढंच सांगितलं की आता आपला आकडा ती झाकून ठेवणार, आणि चहा ते स्वतः करणार. शिओदा मार्चअखेर तेंदोला गेले, साठीला टेकलेले, डॉक्टर. मित्सुएबाई निघताना माझ्या टेबलापाशी आल्या. खालचा खण उघडायला लावला, फॉर्म अकरा काढून घेतला आणि त्याच्या दोन्ही प्रती फाडल्या. दर शरदात माझ्याकडे नाशपातीची पेटी येते. सोबतच्या वजनाच्या चिठ्ठीवर शिक्का असतो, काटकोनात.

विद्यापीठाने या प्रकरणाची योग्य ती दखल घेतली. वरून परिपत्रक निघालं: 'यापुढे सर्वांनी शिक्के सरळ मारावेत. वरिष्ठांच्या मताकडे कल दाखवणारा कोणताही कल खपवून घेतला जाणार नाही.' परिपत्रक वाचल्याची खूण म्हणून दोनशे चौदा जणांनी त्याखाली शिक्के मारले. मी ते एकत्र केले. दोनशे तेरा डावीकडे कललेले होते, कुलगुरूंच्या शिक्क्याकडे. एक सरळ होता. चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या दिवशी तोकुनोकडे गुण्या होता.

आता राहिलात तुम्ही. हे वाचताना दोन-तीनदा तरी तुम्ही मान डोलावली असणार: बरोबर आहे, माणसाने सरळच असावं. छान. तुमच्या मुलखात असे शिक्के मारत नाहीत असं ऐकतो. म्हणून सुटलो असं समजू नका. उद्या तुमचे साहेब त्यांचा तो नेहमीचा विनोद पुन्हा सांगतील. तुम्ही किती अंशांत हसलात ते मोजून ठेवा आणि माझ्याकडे आणून द्या, तळमजला, जिन्याखालून डावीकडे, दुसरं टेबल. (गुण्या कार्यालयात विनामूल्य मिळतो. अजून कुणी मागायला आलेलं नाही.)